ग्रहांमधली अंतरे: किलोमीटरची पट्टी पुरेशी आहे का?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

सूर्यमालेच्या नेहमीच्या चित्रात आठही ग्रह एका ओळीत, जवळपास सारख्या अंतरावर मांडलेले असतात. कागदाच्या मर्यादेमुळे दुसरा उपाय नसतो हे मान्य. परंतु त्या चित्रामुळे ग्रहांचा क्रम तेवढा लक्षात राहतो आणि त्यांच्यातले अंतर ही परिशिष्टातल्या कोष्टकाची बाब होऊन बसते. माझे मत नेमके उलट आहे. सूर्यमाला कशी घडली आणि ती आजवर टिकून का राहिली, याविषयी ग्रहांचे रंग, वलये आणि चंद्र जेवढे सांगतात त्याहून कितीतरी अधिक त्यांची अंतरे सांगतात. म्हणून हा धागा केवळ अंतरांसाठी काढत आहे.

पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. त्यालाच खगोलीय एकक म्हणतात आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने त्याचे मूल्य १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असे कायमचे ठरवून टाकले. या एककात बुधाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ०.३९, शुक्राचे ०.७२, मंगळाचे १.५२, गुरूचे ५.२०, शनीचे ९.५४, युरेनसचे १९.१९ आणि नेपच्यूनचे ३०.०७ भरते. हे आकडे एकदा सलग वाचले तरी चित्रातली समान अंतरांची ओळ मोडून पडते. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या एकूण पल्ल्यातल्या पहिल्या अवघ्या ५ टक्क्यांत बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चारही ग्रह सामावतात आणि उरलेल्या ९५ टक्क्यांत राहिलेले चार ग्रह विखुरलेले आहेत. एकट्या युरेनस व नेपच्यून यांच्यातील फट जवळजवळ ११ एकके आहे. म्हणजे सूर्यापासून शनीपर्यंतचे सगळे काही त्या एका फटीत मावून वर जागा उरेल.

आता हेच आकडे वजाबाकीने न पाहता भागाकाराने पाहू. शुक्राचे अंतर बुधाच्या १.८७ पट, पृथ्वीचे शुक्राच्या १.३८ पट, मंगळाचे पृथ्वीच्या १.५२ पट, शनीचे गुरूच्या १.८३ पट, युरेनसचे शनीच्या २.०१ पट आणि नेपच्यूनचे युरेनसच्या १.५७ पट आहे. वजाबाकीत पाव एककापासून ११ एककांपर्यंत धावणारी अंतरे भागाकारात मात्र दीडपट ते दुप्पट एवढ्याच पट्ट्यात साधारणपणे येऊन बसतात. अपवाद मंगळ आणि गुरू यांचा. तेथे गुणोत्तर एकदम ३.४१ होते, आणि बरोबर त्याच जागी लघुग्रहांचा पट्टा आहे.

या गुणोत्तरांवरूनच अठराव्या शतकात ग्रहांची अंतरे एका साध्या अंकमालिकेतून काढणारा टिटियस-बोडे नियम पुढे आला, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. मला त्या नियमाच्या पलीकडचे विचारायचे आहे. अंतरे बेरजेने न वाढता गुणाकाराने का वाढतात? यामागे गुरुत्वाकर्षणाचे काही कारण आहे, की आठ आकड्यांत मनाला हवी ती लय सापडतेच? जाणकारांनी आकड्यांसह लिहावे.

कोनमापक

मूळ प्रश्नाकडे येण्यापूर्वी एक बाब नोंदवतो, कारण ती प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरे माणसाला किलोमीटरमधल्या अंतरांच्या पुष्कळ आधी कळली. शुक्र आकाशात सूर्यापासून सुमारे ४६-४७ अंशांपेक्षा अधिक दूर कधीच जात नाही. सूर्य केंद्रस्थानी मानला की त्या क्षणी पृथ्वी, शुक्र आणि सूर्य यांचा काटकोन त्रिकोण तयार होतो, आणि ४६ अंशांची ज्या (त्रिकोणमितीतील साइन) ०.७२ येते. शुक्राचे अंतर एवढ्यातच हाती येते. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथातील सापेक्ष अंतरे आजच्या आकड्यांच्या इतकी जवळ आहेत, त्याचे कारण ही भूमिती आहे. बुधाच्या बाबतीत हा कोन १८ ते २८ अंशांच्या दरम्यान बदलत राहतो, कारण त्याची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे: सूर्यापासून ४ कोटी ६० लाख किलोमीटरवर तो येतो आणि जवळपास ७ कोटी किलोमीटरपर्यंत दूर जातो.

आपल्याकडील सिद्धान्तग्रंथांची, म्हणजे जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथांची, पद्धत वेगळी होती आणि ती विचार करण्याजोगी आहे. आर्यभट आणि सूर्यसिद्धान्त यांच्या परंपरेत सर्व ग्रह एका दिवसात सारखीच योजने चालतात, असे गृहीत धरलेले असते. त्यावरून ज्या ग्रहाला फेरीस अधिक काळ लागतो त्याची कक्षा त्याच प्रमाणात मोठी, असा निष्कर्ष निघतो. शनीचा काळ २९.४६ वर्षे व गुरूचा ११.८६ वर्षे, म्हणून या हिशेबाने शनीची कक्षा गुरूच्या सुमारे अडीचपट भरते. प्रत्यक्षात ती १.८३ पट आहे. फरक का पडतो, तर दूरचा ग्रह केवळ लांब वाटेवरून चालतो असे नाही, तो मुळातच सावकाश चालतो. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, नेपच्यून साडेपाच. केप्लरने १६१९ मध्ये मांडलेला तिसरा नियम हाच हिशेब नेमका करतो: काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. २९.४६ चा वर्ग करून घनमूळ काढा, शनीचे अंतर ९.५४ मिळते.

किलोमीटरमधला आकडा मिळायला मात्र वाट पाहावी लागली. १६७२ मध्ये पॅरिसहून कासिनीने आणि दक्षिण अमेरिकेतील केयेनहून रिशेने मंगळाचे एकाच काळात वेध घेतले आणि दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या त्याच्या स्थानांतील सूक्ष्म फरकावरून सूर्याचे अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर काढले. पुढे १७६१ आणि १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांवरून, म्हणजे तो सूर्यबिंबावरून सरकताना घेतलेल्या वेधांवरून, लालांदने १५ कोटी ३० लाखांचा आकडा दिला. १९६१ मध्ये शुक्रावरून रडारचा प्रतिध्वनी परत आला, आणि तेथून पुढे हा प्रश्न मतभेदाचा राहिला नाही.

मध्यरेषा

अंतरांचा विषय निघालाच आहे तर एक प्रश्न विचारते. पृथ्वीला सर्वांत जवळचा ग्रह कोणता? शुक्र, असे उत्तर येईल, आणि मंगळाचेही नाव काही जण घेतील. परंतु दीर्घ काळाची सरासरी काढली तर उत्तर बुध असे येते. २०१९ मध्ये ‘फिजिक्स टुडे’ या नियतकालिकात तीन संशोधकांनी हा हिशेब मांडला होता. पृथ्वीपासून बुधाचे सरासरी अंतर १.०४ एकक, शुक्राचे १.१४ आणि मंगळाचे १.७० येते. गंमत एवढ्यावर थांबत नाही. सरासरीने पाहिले तर नेपच्यूनलाही सर्वांत जवळचा ग्रह बुधच आहे.

कारण साधे आहे. शुक्र आपल्या बाजूला असतो तेव्हा खरोखरच फार जवळ येतो, पण सूर्याच्या पलीकडे गेला की तो १.७ एकके दूर असतो. बुध सूर्याला बिलगून फिरत असल्यामुळे तो कधी फार जवळ येत नाही आणि फार दूरही जात नाही. एका बिंदूपासून एखाद्या वर्तुळावरील सर्व बिंदूंचे सरासरी अंतर काढले तर ते वर्तुळाच्या त्रिज्येबरोबर वाढत जाते. त्यामुळे सर्वांत लहान कक्षेचा ग्रह प्रत्येकाचाच सरासरी शेजारी ठरतो.

पंचकोन

हा निष्कर्ष गणिताने बरोबर आहे, पण त्याला ‘सर्वांत जवळचा’ हे बिरुद द्यावे की नाही, याबद्दल मला शंका आहे. दोन कक्षा एकमेकींच्या किती जवळ आहेत, हा एक प्रश्न. त्या कक्षांतले दोन ग्रह आज एकमेकांपासून किती दूर आहेत, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शुक्र आहे, कारण तो सुमारे ४ कोटी किलोमीटरच्या आत येतो, तर मंगळ अगदी अनुकूल प्रतियुतीतही (पृथ्वी सूर्य व मंगळ यांच्या मधोमध असतानाही) साडेपाच कोटींच्या आत येत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी तो ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता आणि ते कित्येक हजार वर्षांतले सर्वांत कमी अंतर होते. गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना ओढण्याचा प्रश्न असेल तेव्हा पहिलेच अंतर कामाचे असते, कारण ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि जवळ आल्याचे थोडे दिवस दूर असल्याच्या पुष्कळ दिवसांपेक्षा भारी पडतात.

अंतराळयानाच्या दृष्टीने तर यातले कोणतेच अंतर निर्णायक नसते. ‘न्यू होरायझन्स’ हे यान जानेवारी २००६ मध्ये निघाले आणि १३ महिन्यांत गुरूजवळून पुढे गेले. त्याउलट ऑगस्ट २००४ मध्ये निघालेले ‘मेसेंजर’ बुधाच्या कक्षेत स्थिरावायला मार्च २०११ उजाडले, आणि त्यासाठी त्याला पृथ्वी, शुक्र व खुद्द बुध यांच्या जवळून एकूण सहा फेरे घ्यावे लागले. सूर्याकडे जाताना यानाला वेग वाढवण्यापेक्षा तो घटवणे अधिक कठीण जाते. सरासरी शेजाऱ्याकडे पोहोचायला साडेसहा वर्षे, असा हा हिशेब आहे.

अल्पविराम

अंतरांवरून आठवले. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या जागेत बाकीचे सातही ग्रह ओळीने बसतात, असे एक चित्र सर्वत्र फिरत असते. ते खरे आहे का?

कोनमापक

उत्तर ‘कधीकधी’ असे आहे. सात ग्रहांचे सरासरी व्यास किलोमीटरमध्ये घेतले, म्हणजे बुध ४,८७९, शुक्र १२,१०४, मंगळ ६,७७९, गुरू १,३९,८२०, शनी १,१६,४६०, युरेनस ५०,७२४ आणि नेपच्यून ४९,२४४, तर बेरीज ३,८०,०१० येते. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे, म्हणून ग्रह मावतात असे म्हटले जाते. परंतु हे अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचे आहे. त्यातून पृथ्वीची आणि चंद्राची त्रिज्या वजा केली की मोकळी जागा सुमारे ३,७६,३०० किलोमीटर उरते आणि नेपच्यूनचा थोडा भाग बाहेर राहतो. चंद्र पृथ्वीपासून दूरच्या बिंदूवर, ४,०५,००० किलोमीटरच्या आसपास, असतो तेव्हा सर्व ग्रह आरामात बसतात. मात्र गुरू आणि शनी विषुववृत्ताशी फुगलेले आहेत. सगळ्यांचे विषुववृत्तीय व्यास घेतले तर बेरीज ३,८७,९०० च्या पुढे जाते. हे चित्र ग्रह किती मोठे आहेत यासाठी दाखवले जाते, पण चंद्र किती दूर आहे हेच त्यातून अधिक कळते.

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

वरील सर्व माहितीबद्दल आभार. प्रमाणाचा विषय निघाला आहे म्हणून एवढेच जोडतो की सूर्यमाला एक हजार कोटी पटींनी लहान केली तर सूर्य १४ सेंटिमीटरचा होतो, पृथ्वी त्यापासून १५ मीटरवर सव्वा मिलिमीटरचा ठिपका, गुरू ७८ मीटरवर १४ मिलिमीटरचा आणि नेपच्यून ४५० मीटरवर ५ मिलिमीटरचा. त्याच प्रमाणात सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४,००० किलोमीटरवर येतो. माझा मूळ प्रश्न मात्र अजून उभाच आहे.

वेधशाळी

टिटियस-बोडे नियमापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या यशापयशातच उत्तराची दिशा आहे. नियम असा: ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६, १९२ अशी मालिका घ्या, प्रत्येकात ४ मिळवा आणि १० ने भागा. मिळतात ०.४, ०.७, १.०, १.६, २.८, ५.२, १०.० आणि १९.६. योहान टिटियसने १७६६ मध्ये दुसऱ्याच्या ग्रंथाचे भाषांतर करताना हा मजकूर त्यात घातला आणि १७७२ मध्ये योहान बोडेने तो उचलून प्रसिद्ध केला. त्या काळी शनीपर्यंतचेच ग्रह माहीत होते.

१३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलला युरेनस सापडला आणि त्याचे अंतर १९.१९ निघाले. नियमाने १९.६ सांगितले होते. यानंतर २.८ ची रिकामी जागा अनेकांना अस्वस्थ करू लागली, आणि १८०० मध्ये फ्रान्झ फॉन झाख व त्याच्या सहकाऱ्यांनी राशिचक्राचे भाग वाटून घेऊन तेथील हरवलेल्या ग्रहाचा पद्धतशीर शोध घेण्याचे ठरवले. त्यांचा शोध रुळावर येण्याआधीच १ जानेवारी १८०१ च्या रात्री पालेर्मो येथे जुझेप्पे पियात्सीला सेरेस हा पिंड दिसला. काही आठवड्यांच्या वेधांनंतर तो सूर्याच्या प्रकाशात हरवला, तेव्हा तरुण गाउसने थोडक्या वेधांवरून कक्षा काढण्याची नवी रीत वापरून त्याची जागा सांगितली आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला. अंतर होते २.७७. नियमाची प्रतिष्ठा यापेक्षा अधिक उंच कधी गेली नाही.

उतरण लगेच सुरू झाली. १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा, अशी एकाच जागी लघुग्रहांची गर्दी झाली. आणि आज आपल्याला ठाऊक आहे की त्या संपूर्ण पट्ट्याचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या चार-पाच टक्क्यांहूनही अधिक नाही. नंतर नेपच्यून आला. युरेनसच्या विचलनावरून त्याची जागा काढताना ल वेरिए आणि ॲडम्स या दोघांनीही अंतराचा पहिला अंदाज याच नियमावरून, म्हणजे मालिकेतील १९२ नंतरच्या ३८४ पासून येणाऱ्या ३८.८ वरून, घेतला होता. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये गॅलेला तो ल वेरिएने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला, पण त्याचे अंतर ३०.०७ निघाले. आकाशातली दिशा बरोबर आणि खोली चुकीची, असा हा विलक्षण शोध आहे.

आता नियमाची तपासणी करू. त्यात ४ आणि ३ (१० ने भागल्यावर ०.४ आणि ०.३) हे दोन स्थिरांक आकडे पाहून निवडलेले आहेत. बुधासाठी मालिका मोडून शून्य घातलेला आहे. दुपटीची मालिका मागे नेली तर ३ च्या आधी दीड यायला हवे. एका जागी ग्रहाऐवजी लघुग्रह चालवून घेतला आहे आणि शेवटचा ग्रह बसत नाही. १९९८ मध्ये वेन हेज आणि स्कॉट ट्रिमेन यांनी संगणकावर यादृच्छिक ग्रहमाला तयार केल्या. अट एकच ठेवली: शेजारचे ग्रह एकमेकांच्या फार जवळ नसावेत. अशा मालाही टिटियस-बोडे धर्तीच्या सूत्रात खऱ्या सूर्यमालेइतक्याच चांगल्या बसल्या. माझ्या दृष्टीने हा नियम त्या दिवशी निकालात निघाला. जे उरले ते त्या अटीत आहे: ‘फार जवळ नसावेत’ म्हणजे किती?

पंचकोन

त्या ‘किती’चे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, आणि धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही मला तेथेच दिसते.

प्रत्येक ग्रहाभोवती असा एक प्रदेश असतो की ज्यात सूर्यापेक्षा त्या ग्रहाची सत्ता चालते. त्याला हिल गोल म्हणतात. त्याची त्रिज्या काढायची असेल तर ग्रहाच्या वस्तुमानाला सूर्याच्या वस्तुमानाच्या तिपटीने भागायचे, आलेल्याचे घनमूळ काढायचे आणि त्याला ग्रहाच्या सूर्यापासूनच्या अंतराने गुणायचे. पृथ्वीसाठी ही त्रिज्या सुमारे १५ लाख किलोमीटर येते आणि चंद्र तिच्या बराच आत आहे. गुरूसाठी ती ५ कोटी ३० लाख किलोमीटर येते. सर्वांत मोठा हिल गोल मात्र गुरूचा नाही, नेपच्यूनचा आहे: सुमारे ११ कोटी ६० लाख किलोमीटर. नेपच्यूनचे वस्तुमान गुरूच्या अठराव्या भागाएवढेच असूनही असे घडते, कारण वस्तुमान घनमुळातून येते आणि अंतर मात्र सरळ गुणले जाते.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ग्रहाची पोच त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते. समजा, सारख्याच वस्तुमानाचे ग्रह एकमेकांना धक्का न लावता जितके जवळ बसतील तितके जवळ बसवले, तर सूर्यापासून दुप्पट दूर गेल्यावर दोन ग्रहांमध्ये दुप्पट मोकळी जागा सोडावी लागेल. म्हणजेच अंतरे बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतील. गुणोत्तरांची लय कोणत्याही गूढ नियमातून येत नाही. ज्या पट्टीने ग्रह एकमेकांचे अंतर ‘मोजतात’ ती पट्टीच बाहेर जाताना लांब होत जाते.

आता दोन शेजाऱ्यांची मिळून एक हिल त्रिज्या काढून तिने सूर्यमालेतली प्रत्येक फट मोजू. मी केलेल्या हिशेबात बुध आणि शुक्र यांच्यात सुमारे ६३ त्रिज्यांचे अंतर येते, शुक्र व पृथ्वी यांच्यात २६, पृथ्वी व मंगळ यांच्यात ४०, मंगळ व गुरू यांच्यात १६, गुरू व शनी यांच्यात ८, शनी व युरेनस यांच्यात १४ आणि युरेनस व नेपच्यून यांच्यातही १४. किलोमीटरच्या पट्टीवर आतले ग्रह दाटीने आणि बाहेरचे विरळ दिसत होते. या पट्टीवर ते चित्र उलटे होते. सर्वांत दाट वस्ती गुरू आणि शनी यांची आहे, जरी त्यांच्यात ६५ कोटी किलोमीटर असले तरी. आणि ज्यांच्यात जेमतेम ५ कोटी किलोमीटर आहेत ते बुध व शुक्र एकमेकांना जवळजवळ परके आहेत.

मध्यरेषा

उत्तम मांडणी आहे, परंतु एक अडचण दिसते. दोन ग्रहांच्या स्थैर्यासाठी सुमारे साडेतीन हिल त्रिज्या पुरतात, हे ग्लॅडमन यांनी १९९३ मध्ये दाखवले होते. तीन किंवा अधिक ग्रह असतील तर सुमारे १० त्रिज्यांच्या आतली रचना कालांतराने विस्कटते, असे चेंबर्स आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या गणनांतून दिसले. मग गुरू आणि शनी ८ वर कसे टिकून आहेत?

पंचकोन

१० हा आकडा उंबरठा नाही. त्या गणना लहान, सारख्या वस्तुमानाच्या आणि सारख्या अंतरावर मांडलेल्या ग्रहांच्या होत्या आणि त्यांचा खरा निष्कर्ष असा होता की अंतर थोडे वाढवले की विस्कटण्याचा काळ कित्येक पटींनी वाढतो. आपल्या मालेत गुरू-शनीची जोडी घट्ट असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना १४-१६ त्रिज्यांची मोकळीक आहे, ही तिच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. तरीही ही जोडी शांत नाही. गुरूच्या पाच फेऱ्यांना ५९.३ वर्षे लागतात आणि शनीच्या दोन फेऱ्यांना ५८.९, त्यामुळे दोघे दर ६० वर्षांच्या आसपास जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात आणि त्यांचे धक्के साठत जातात. या साठ्यामुळे दोघांच्या स्थानांत सुमारे ९०० वर्षांच्या आवर्तनाने चढउतार होतो. गुरू वेग घेत आहे आणि शनी मंदावत आहे असे दिसल्यामुळे अठराव्या शतकातले गणिती चक्रावले होते. १७८५ मध्ये लाप्लासने त्याचे कारण या ५:२ च्या जवळिकीत दाखवले.

वेधशाळी

याला एक पुरवणी जोडतो. आजची अंतरे ही जन्मापासूनची अंतरे नाहीत. २००५ मध्ये मांडल्या गेलेल्या आणि फ्रान्समधील नीस शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिमानानुसार चारही मोठे ग्रह सुरुवातीला ५ ते १७ एककांच्या दरम्यान दाटीने होते. बाहेरच्या बर्फाळ पिंडांच्या चकतीशी देवाणघेवाण करता करता गुरू किंचित आत सरकला आणि बाकीचे तिघे बाहेर गेले. तपशिलांवर वाद आहेत आणि त्यानंतर या प्रतिमानात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु नेपच्यून बाहेर सरकला याचा पुरावा आकाशात आहे. प्लूटो आणि त्याच्यासारखे अनेक पिंड नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत बरोबर दोन फेऱ्या करतात, आणि एवढ्या पिंडांना अशा कक्षेत गोळा करण्याचा सोपा मार्ग म्हणजे नेपच्यूनने सरकताना त्यांना पुढे ढकलत नेणे. प्लूटो १९७९ ते १९९९ या काळात नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, तरी त्यांची टक्कर होत नाही, ती याच ३:२ च्या बांधणीमुळे.

मंगळ व गुरू यांच्यातली फट रिकामी राहण्याचे कारणही गुरूच आहे. तेथील पिंडांना त्याने इतके ढवळले की ते एकत्र येण्याऐवजी आपटून फुटत राहिले किंवा बाहेर फेकले गेले. उरलेल्या पट्ट्यातही त्याचे ठसे आहेत. १८६६ मध्ये डॅनियल कर्कवुडने दाखवले की २.५ एककांच्या आसपास, जेथे लघुग्रहाच्या तीन फेऱ्या गुरूच्या एका फेरीएवढ्या होतात, तेथे लघुग्रह जवळजवळ नाहीतच.

अल्पविराम

म्हणजे दाटीने बसलेली माला टिकूच शकत नाही, असे समजायचे का?

कोनमापक

नाही. ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षे दूरच्या लहान ताऱ्याभोवती पृथ्वीसारख्या आकाराचे सात ग्रह आहेत आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मोजमापांनुसार सर्वांत बाहेरचा ग्रहही ताऱ्यापासून केवळ ०.०६ एककावर आहे. सगळी माला बुधाच्या कक्षेत सहा वेळा बसेल. त्यांचे फेऱ्यांचे काळ दीड दिवसापासून सुमारे १९ दिवसांपर्यंत आहेत आणि शेजाऱ्यांच्या काळांची गुणोत्तरे ८:५, ५:३, ३:२, ४:३ अशा साध्या अपूर्णांकांच्या अगदी जवळ आहेत. फेऱ्यांची ही साखळी असल्यामुळे ग्रह नको त्या ठिकाणी एकमेकांजवळ येत नाहीत. दाटी चालते, पण मग वेळापत्रक काटेकोर लागते. आपल्या मोठ्या ग्रहांमध्येही अशी साखळी पूर्वी असावी आणि नंतर तुटली असावी, असे स्थलांतराच्या अनेक प्रतिमानांत मानले जाते.

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हिल त्रिज्यांच्या हिशेबात बुध सर्वांत मोकळा निघाला, म्हणजे ६३ त्रिज्या. त्यावरून बुधाची कक्षा सर्वांत सुरक्षित आहे असे म्हणता येईल काय?

पंचकोन

तसे म्हणता येत नाही, आणि या पट्टीची मर्यादा तेथेच कळते. हिल त्रिज्या जवळून बसणाऱ्या धक्क्यांचे माप आहे. दुरून संथपणे चालणारा परिणाम तिच्यात येत नाही. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू वळत असते. दीर्घ काळाच्या सरासरीत तिच्या वळण्याचा दर वर्षाला सुमारे ५.६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आहे, तर गुरूच्या कक्षेचा ४.३ विकला. हे दोन दर जुळले तर गुरूचा क्षीण ओढा वर्षानुवर्षे एकाच दिशेने साठत जातो आणि बुधाची कक्षा अधिकाधिक लांबट होऊन शुक्राच्या वाटेपर्यंत पोहोचू शकते. जाक लास्कार आणि मिकाएल गास्तिनो यांनी २००९ मध्ये सुरुवातीच्या स्थितीत अगदी किरकोळ फरक ठेवून अडीच हजार गणना केल्या आणि प्रत्येक गणना पुढील ५०० कोटी वर्षांपर्यंत चालवली. त्यांपैकी सुमारे एक टक्का गणनांत बुधाची कक्षा अशीच ताणली गेली. काहींत तो सूर्यावर किंवा शुक्रावर आदळला, आणि एका गणनेत तर मंगळ, शुक्र व पृथ्वी यांच्यापर्यंत गोंधळ पोहोचला.

याच गणना आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धान्त वगळून केवळ न्यूटनच्या नियमांनी केल्या तर बुध बिघडण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. सापेक्षतेमुळे बुधाच्या कक्षेला शतकात ४३ विकलांचे, म्हणजे वर्षाला अर्ध्या विकलेहूनही कमी, जादा वळण मिळते. ५.६ मधला तेवढा भाग काढून घेतला की बुधाचा दर गुरूच्या ४.३ कडे सरकतो.